हिंगोलीची छावणी आणि पंचवीस मीटरचा पल्ला

१९०३ साली हिंगोलीची छावणी उठली. सुमारे ऐंशी वर्षे या गावाच्या कडेला निजामाच्या पैशाने पोसलेली आणि इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीत चालणारी पलटण होती. लॉर्ड कर्झनने आदल्या वर्षी निजामाशी करार केला, वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाखांच्या खंडाने कायमचा लिहून घेतला आणि हैदराबाद कंटिन्जंट नावाची ही फौज हिंदुस्थानच्या लष्करात विरघळवून टाकली. हिंगोली, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे अचलपूर ही तिची ठाणी. तिच्या रिसाल्यांतूनच पुढे विसावा डेक्कन हॉर्स निघाला. जुलै १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या रणांगणावर भाले घेऊन घोडदौड करणारा रिसाला तो हाच. हिंगोलीकरांना मात्र मागे मोकळे माळ राहिले आणि बाजारातले एक मोठे गिऱ्हाईक गेले.

या छावणीची आठवण शिकारीच्या किंवा युद्धाच्या निमित्ताने कुणी काढत असेल. मला ती वेगळ्याच कारणाने महत्त्वाची वाटते. रिव्हॉल्व्हर नावाची वस्तू या मुलखात आली ती अशा छावण्यांतल्या साहेबांच्या कमरेला लटकून. तिथून ती खेळाच्या मैदानावर कशी पोचली, आणि त्या खेळात मराठी माणसे सोन्यापर्यंत कशी गेली, हा प्रवास फारसा कुणी सांगितलेला नाही. हिंगोलीपासून सुरुवात केली तर तो नीट समजतो, कारण या प्रवासात हिंगोली पहिल्या पानावर आहे आणि नंतर एकदम गायब आहे.

रिव्हॉल्व्हरच्या आधीची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १८३०च्या दशकात हिंगोलीच्या छावणीत हरीसिंग नावाचा एक अब्रूदार व्यापारी होता. निजामाच्या चाकरीतला अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने आपल्या ठगांवरच्या प्रसिद्ध कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याची हकीकत दिली आहे. टेलरचे स्वतःचे त्याच्याशी देण्याघेण्याचे व्यवहार होते. या हरीसिंगाने एकदा कॅप्टन रेनॉल्ड्स या इंग्रज अधिकाऱ्याकडून मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागून घेतला. तो माल दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचा होता आणि वाटेवर होता. त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि गाडीवाल्यांना वाटेत संपवून हरीसिंगाने सरकारी परवान्यावर तोच माल छावणीत आणला आणि उघड्या बाजारात विकला. तो त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या होता. छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, पुरलेली प्रेते नंतर उकरून काढण्यात आली. इंग्रज अधिकारी स्लीमन याच्या ठगीविरोधी मोहिमेतल्या सुरुवातीच्या ठिकाणांत हिंगोलीचे नाव येते ते यामुळे. इतकी शस्त्रे असलेल्या छावणीच्या नाकाखाली ठगांच्या गळा आवळणाऱ्या एका रुमालाने एवढे काम केले, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. सॅम्युएल कोल्टने आपल्या फिरत्या नळकांड्याचा अमेरिकेतला परवाना घेतला तो १८३६ साली. म्हणजे हरीसिंगाच्या काळात रिव्हॉल्व्हर जेमतेम जन्माला येत होते.

हिंदुस्थानात त्याची ओळख झाली ती १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर. तिथे कोल्टचे रिव्हॉल्व्हर आणि इंग्रज कारागीर रॉबर्ट अ‍ॅडम्सचे रिव्हॉल्व्हर अशी दोन्ही मांडलेली होती. कोल्टमध्ये दर बाराला अंगठ्याने घोडा मागे चढवावा लागे. अ‍ॅडम्समध्ये नुसता चाप ओढला की घोडा चढून पडे. अंगावर धावून येणाऱ्या माणसासमोर अ‍ॅडम्स बरे, पण लांबवरचा नेम धरायचा तर कोल्ट बरे, कारण जड चाप ओढताना हात हलतो आणि नळीच्या टोकाची माशी निशाणावरून सरकते. हा वाद तेव्हा लढाईच्या सोयीसाठी झाला. पुढे नेमबाजीचा सगळा खेळ याच मुद्द्यावर उभा राहिला.

साहेबाला रिव्हॉल्व्हर सरकार देत नसे. ते त्याने पदरच्या पैशाने घ्यायचे. त्याच्या हाताखालच्या रिसाल्यातल्या स्वाराची तऱ्हाही वेगळी नव्हती. कंटिन्जंटचा रिसाला शिलेदारी पद्धतीचा, म्हणजे घोडा स्वाराचा आणि साजही स्वाराचा. ही शिलेदारी मराठेशाहीतूनच इंग्रजांनी उचललेली. पण शिलेदाराच्या हाती तलवार-भाला राहिला आणि रिव्हॉल्व्हर साहेबाच्या कमरेलाच राहिले. १८५८च्या मध्य हिंदुस्थानच्या मोहिमेत सर ह्यू रोजच्या सैन्याबरोबर हैदराबाद कंटिन्जंट गेली होती. झाशीच्या राणीचा पाठलाग करणाऱ्या फौजेत ही दख्खनची माणसे होती. त्या मोहिमेनंतर तर रिव्हॉल्व्हरशिवाय इंग्रज अंमलदार ही कल्पनाच उरली नाही.

आता खेळाकडे. इंग्लंडच्या नॅशनल रायफल असोसिएशनने १८८०च्या दशकात विंबल्डनच्या मैदानावर रिव्हॉल्व्हरच्या चढाओढी सुरू केल्या आणि १८९० साली सारे बस्तान बिझलीला हलवले. तिथे वॉल्टर विनान्स नावाच्या एका धनाढ्य अमेरिकनाने जवळजवळ मक्तेदारी मांडली. १९०१ साली त्याने रिव्हॉल्व्हर नेमबाजीवर एक जाडजूड ग्रंथही लिहिला. गंमत अशी की या माणसाला १९०८च्या ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचे सुवर्णपदक मिळाले आणि १९१२ साली शिल्पकलेचे. तेव्हा ऑलिम्पिकमध्ये शिल्पकलेचीही स्पर्धा असे. त्याआधी १८९६च्या अथेन्सच्या पहिल्या ऑलिम्पिकमध्ये जॉन आणि समनर पेन हे दोघे अमेरिकन भाऊ रिव्हॉल्व्हर घेऊन उतरले. पंचवीस मीटरच्या लष्करी पिस्तुलाच्या स्पर्धेत जॉन पहिला, समनर दुसरा. दुसऱ्या दिवशी तीस मीटरच्या स्पर्धेत जॉन उतरलाच नाही आणि समनर पहिला आला. खेळाच्या इतिहासात असा भाऊपणा क्वचितच सापडतो.

तिकडे ही हौस वाढत होती तेव्हा इकडे काय होते? १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरला, आणि गोऱ्यांना त्यातून सूट मिळाली. राष्ट्रीय सभेने आपल्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. निजामाचे राज्य या कायद्याच्या बाहेर होते, पण त्याचा सामान्य रयतेला काही उपयोग नव्हता. मराठवाड्यात हत्यार दिसे ते अरबांच्या, रोहिल्यांच्या, देशमुखांच्या आणि सरकारी शिपायांच्या हातात. पुढे रझाकारांच्या. गावकऱ्याच्या मनात बंदूक म्हणजे जुलूम हे समीकरण पक्के बसले ते निजामी राजवट संपली त्या १९४८च्या सप्टेंबरपर्यंत, आणि खरे सांगायचे तर त्यानंतरही पुष्कळ दिवस. कोल्हापूरकडे शिकारीची आणि दसऱ्याच्या शस्त्रपूजेची एक राजेशाही हौस होती, तिला संस्थानिकांचा आश्रय होता. तशी हौस मराठवाड्यात रुजली नाही. पुढच्या साऱ्या फरकाचे मूळ मला इथे दिसते.

आणि मग या गोष्टीत एक अगदी अनपेक्षित माणूस येतो. १९१८ साली गांधीजींनी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पत्रक काढले. त्यात त्यांनी, एका राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राजवटीच्या पापांमधले सर्वांत काळे पाप म्हणून इतिहासात नोंदला जाईल, अशा आशयाचे लिहिले. अहिंसेच्या पुरस्कर्त्याचे हे मत वाचून पुष्कळांच्या भुवया आजही उंचावतात. त्याच खेडा जिल्ह्यातल्या सत्याग्रहात गुजरात सभेचे काम पाहणारे एक मराठी वकील होते. गणेश वासुदेव मावळंकर. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादची. गांधीजींच्या मागे गेले, अनेकदा तुरुंगात राहिले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली तिचे संस्थापक-अध्यक्षही तेच होते. नागरिकाच्या हाती शिस्तीने बंदूक यावी, ती त्याला चालवता यावी आणि ती परत पेटीत ठेवता यावी, असा हा उद्योग होता. खादीधारी मावळंकरांना त्यात विसंगती वाटली नसावी. १९१८चे ते पत्रक आठवले की मलाही वाटत नाही. आजही राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या आधी नवोदितांना जी अखिल भारतीय चाचणी पार करावी लागते ती जी. व्ही. मावळंकर स्पर्धा म्हणूनच ओळखली जाते. नेमबाज पोरे ‘यंदा मावळंकर खेळलो’ असे सहज बोलून जातात.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगात पिस्तुलाच्या स्पर्धांची नीट मांडणी झाली. त्यात रिव्हॉल्व्हरला मानाने जागा उरली ती सेंटर-फायर या प्रकारात. तो समजून घेण्यासारखा आहे. पल्ला पंचवीस मीटर. एका हाताने नेम, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. एकूण साठ गोळ्या, पूर्ण गुण सहाशे. पहिल्या तीस गोळ्या निवांत, पाच गोळ्यांना पाच मिनिटे. निशाणावरचे दहा गुणांचे वर्तुळ पाच सेंटीमीटर व्यासाचे. पुढच्या तीस गोळ्या मात्र द्वंद्वयुद्धाच्या धर्तीवर. हात खाली तिरका ठेवून उभे राहायचे, निशाण तीन सेकंद तोंड दाखवते, तेवढ्यात हात उचलून एकच बार टाकायचा. मग सात सेकंद निशाण पाठ फिरवते. असे पाच वेळा. इथे दहाचे वर्तुळ दुप्पट मोठे असते, पण तीन सेकंदांत ते तितके मोठे वाटत नाही.

या सात सेकंदांनीच रिव्हॉल्व्हरला तारले. रॅपिड-फायर प्रकारात पाच निशाणांवर चार सेकंदांत पाच बार टाकावे लागतात, तिथे आपोआप काडतूस भरणाऱ्या पिस्तुलाशिवाय निभाव नाही. सेंटर-फायरमध्ये मात्र दोन बारांच्या मध्ये अंगठ्याने शांतपणे घोडा चढवायला वेळ आहे. घोडा चढलेला असला की चाप हलका आणि आखूड सुटतो. म्हणून रशियात तुलाच्या कारखान्याने या प्रकारासाठी खास रिव्हॉल्व्हर बनवली, फ्रान्सच्या मानुरँने बत्तीस बोअरचे बनवले. पण शेवटी वाल्थरसारख्या कंपन्यांची अर्धस्वयंचलित पिस्तुले याच बत्तीस बोअरच्या काडतुसावर निघाली आणि रिव्हॉल्व्हर मागे पडले. त्या काडतुसाची गोळी चपट्या तोंडाची असते. कागदावर ती गिरमिटासारखे गोल, स्वच्छ भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना पंचाशी भांडण होत नाही.

आता आपल्या कायद्याची एक गंमत पाहा. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९च्या शस्त्र कायद्याने पोलीस आणि लष्कर वापरतात ते बोअर सामान्य नागरिकाला वर्ज्य ठरवले. पोलिसांचे अडतीस बोअर गेले, साहेबांचे जुने चारशे पंचावन्नचे वेब्ली गेले. नागरिकाला स्वसंरक्षणासाठी उरले बत्तीस बोअर. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे रिव्हॉल्व्हर याच मापाचे, घडण जुन्या वेब्लीवरून घेतलेली. आणि जागतिक स्पर्धेत सेंटर-फायरसाठी सर्वांनी उचलले तेही हेच काडतूस. म्हणजे गावोगावच्या परवानाधारकाच्या कपाटात पडून असलेले काडतूस आणि जागतिक स्पर्धेतले काडतूस एकाच घराण्यातले. १८६९ साली सुरू झालेल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून बत्तीसची काडतुसे निघत. पण घरातले रिव्हॉल्व्हर आणि खेळाचे हत्यार यांत फरक जमीन-अस्मानाचा. बहुतेक परवानाधारक आयुष्यात दहा गोळ्याही झाडत नाहीत. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्याला तर नेमबाज म्हणणे हा या खेळाचा अपमान आहे.

ही दरी ओलांडणारी माणसे मुंबईत तयार झाली. मुंबईचे अशोक पंडित हे त्यातले पहिले मोठे नाव. १९८५चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. तेव्हा नेमबाजी म्हणजे महाराजांचा खेळ अशीच समजूत होती. बिकानेरचे करणी सिंह हे त्या समजुतीचा चेहरा. इम्पोर्टेड पिस्तूल, इम्पोर्टेड काडतुसे, कस्टमचे कागद, परवान्यावरची गोळ्यांची मर्यादा, हे सगळे सांभाळून नोकरी-धंदा करणाऱ्या माणसाने जगात पुढे जायचे म्हणजे काय, हे आजच्या पिढीला कळणार नाही. १९९० साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पंडितांनी सेंटर-फायर पिस्तुलाचे वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले.

त्यानंतर जे घडले त्याची आपल्याकडे पुरेशी दखल घेतलेली नाही. १९९४ साली व्हिक्टोरियाच्या राष्ट्रकुल स्पर्धेत जसपाल राणाने तेच सुवर्ण घेतले, आणि जोडी प्रकारात राणा व पंडित मिळून सोने. राणा १९९८ला पुन्हा, २००२ला पुन्हा, २००६ला पुन्हा. २०१० साली दिल्लीत हरप्रीत सिंग. १९९० ते २०१०, सहा राष्ट्रकुल स्पर्धा, सहाही वेळा सेंटर-फायरचे वैयक्तिक सुवर्ण भारताचे. हॉकीच्या सुवर्णकाळाशीच ज्याची तुलना व्हावी असे हे वर्चस्व, आणि त्याची सुरुवात एका मुंबईकराने केली. राणाने तर २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत अंगात ताप असताना ५९० गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी साधली. पंडितांचा मुलगा रोनक याने त्याच वर्षी मेलबर्नला समरेश जंगच्या जोडीने स्टँडर्ड पिस्तुलाचे सुवर्ण घेतले. बाप-लेक दोघेही राष्ट्रकुलचे सुवर्णविजेते, हा योग महाराष्ट्रात दुर्मीळच.

दुसरा प्रवाह पोलिसांचा. छावणीतल्या साहेबाचे रिव्हॉल्व्हर फौजदाराच्या कमरेला आले होतेच, आणि पोलिसांच्या स्वतःच्या नेमबाजी स्पर्धाही होत्या. पोलीस खात्यातून वरिष्ठ पदावरून निवृत्त झालेले भीष्मराज बाम यांनी नाशिकला बसून नेमबाजांच्या मनावर काम केले. नेम चुकतो तो बहुधा हातामुळे नाही, ही गोष्ट त्यांनी अनेक खेळाडूंना शिकवली. राहुल द्रविडसारखे क्रिकेटपटूही त्यांच्याकडे गेले. २०१७ साली ते गेले.

तिसरा प्रवाह मुलींचा, आणि तोच सर्वांत वेगाने वाहिला. महिलांच्या पंचवीस मीटर पिस्तुलाची मांडणी सेंटर-फायरसारखीच. तीस निवांत, तीस तीन-तीन सेकंदांच्या. फक्त काडतूस बावीसचे. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये साताऱ्यात जन्मलेल्या अनिसा सय्यदने या प्रकाराचे सुवर्ण घेतले, कोल्हापूरच्या राही सरनोबतने रौप्य, आणि दोघींनी मिळून जोडीचे सुवर्ण. राही २०१३ साली चँगवॉनला पिस्तुलात विश्वचषकाचे सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय ठरली. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत तिची आणि थायलंडच्या नफस्वन यांगपैबूनची चौतीस-चौतीस बरोबरी झाली. पहिल्या शूट-ऑफमध्येही बरोबरी. दुसऱ्यात राही जिंकली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी २०१० साली कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत रायफलीत जगज्जेती झाली होती, आणि २०२४ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ऑलिम्पिकचे कांस्य आणले. एकाच जिल्ह्यातून एवढी माणसे निघतात तेव्हा तो योगायोग नसतो. एक निघाली, तिला पाहून दुसरी निघाली, आणि दोघींना सराव करायला जागा होती.

मराठवाड्याच्या वाट्याला हे आले नाही. १९९९च्या १ मे रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. ज्या गावाच्या माळावर ऐंशी वर्षे फौज वावरली, त्याचे नाव पंचवीस मीटरच्या या साऱ्या इतिहासात एकदाही येत नाही. याला दुष्काळ आणि पैसा हे कारण आहेच, पण कांबळवाडीही काही श्रीमंतांचे गाव नाही. स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करत होता. हत्याराबद्दलची भीती आणि हत्याराबद्दलची मिजास या दोन्हींच्या मधली जागा, म्हणजे खेळाची जागा, निजामी मुलखात कुणी उभीच केली नाही. हा माझा निष्कर्ष आहे, त्यावर वाद घालायला मी तयार आहे.

सेंटर-फायरचे दिवसही आता मावळतीला लागले आहेत. २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुलमध्ये हा प्रकार नव्हता, २०२२च्या बर्मिंगहॅमला तर नेमबाजीच नव्हती. पण दहा मीटरचे एअर पिस्तूल ऑलिम्पिकमध्ये आहे, आणि पंचवीस मीटरकडे जाणारी बहुतेक मुले-मुली तिथूनच सुरुवात करतात. त्याला ना बत्तीसचे काडतूस लागते, ना रिव्हॉल्व्हरचा परवाना. २०१६च्या शस्त्र नियमांनी ठरावीक ताकदीच्या आतली एक-सात-सात बोअरची हवेची हत्यारे परवान्यातून मोकळी ठेवली आहेत. लागते ते एक लांबट दालन, गोळी अडवणारी भक्कम भिंत, चार निशाणे आणि शिकवणारा माणूस. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. हत्यार कसे धरावे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कसे खाली ठेवावे, हे जाणणारी माणसे तिथे शेकड्यांनी आहेत. जिल्हा क्रीडा कार्यालयाने आणि या गटाने मिळून शाळांतल्या मुलामुलींसाठी दहा मीटरची एक रेंज सुरू करावी. पुढच्या मावळंकर स्पर्धेच्या यादीत हिंगोलीचे एक नाव दिसायला एवढे पुरे आहे.